खेळ आणि हाक

मोठ्या माणसांनी किती वेळ खेळावे, हा प्रश्न आपल्याकडे सरळ कोणी विचारत नाही. खेळणारे खेळतात आणि न खेळणारे नाक मुरडतात. पूर्वी नाक मुरडायला रमीचा अड्डा होता, आज मोबाईल आहे. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ दुपारच्या जेवणानंतर रंगीत गोळ्या जुळवत बसतात. दुकान बंद करून आलेला तरुण मध्यरात्रीपर्यंत पडद्यावरची लढाई लढतो. शाळेत शिकवणाऱ्या बाई बसमध्ये फोनवर शब्दकोडे सोडवतात. ही सगळी माणसे वेळ वाया घालवतात, असा एका ओळीचा निकाल देऊन आपण मोकळे होतो. निकाल सोपा आहे. तो बरोबर आहे का, एवढेच तपासायचे आहे.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. पैसे लावून खेळण्याचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्या कायद्याबद्दल मतभेद असतील, पण पैशाचा हिशेब कायद्याला निदान मांडता तरी येतो. वेळेचा हिशेब कोणताही कायदा मांडत नाही. तो ज्याचा त्यालाच मांडावा लागतो.

तो मांडताना भाषाच आपल्याला एका बाजूला ओढते. मराठीत आपण वेळ 'घालवतो', आणि घालवणे म्हणजे गमावणेही. शेजारच्या कानडीत 'काल कळेयुवुदु' म्हणतात, आणि त्या 'कळे'मध्येही वजा करण्याचा, टाकून देण्याचा अर्थ आहे. दोन्ही भाषा कानावर पडत वाढलेल्या आपल्या घरांत गेलेला वेळ म्हणजे बुडालेला वेळ, हा ग्रह शब्दांबरोबरच रुजतो.

तत्त्वज्ञानातही या ग्रहाला मोठा आधार आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते करमणूक ही विश्रांतीसारखी असते. माणूस विसावा घेतो तो पुन्हा कामाला लागता यावे म्हणून. त्यामुळे करमणूक हे आयुष्याचे ध्येय होऊ शकत नाही. "अभ्यास झाला का? मग खेळ," असे म्हणणारे आपले वडील त्याचेच शिष्य म्हणायचे, मग त्यांनी त्याचे नाव ऐकलेले असो वा नसो. खेळ ही कामाची मजुरी, असा हा विचार आहे.

याला उलट उत्तर देणारा माणूस १९७८ मध्ये भेटतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' नावाचे पुस्तक लिहिले आणि इसापनीतीतल्या मुंगी व नाकतोड्याच्या गोष्टीतल्या नाकतोड्यालाच नायक केले. खेळ म्हणजे काय, तर ज्याची गरज नाही असा अडथळा आपल्या खुशीने उभा करून तो ओलांडू पाहणे, असे त्याचे सांगणे. आपली लंगडी घ्या. गडी पकडायचाच असेल तर दोन पायांनी धावणे सोपे. पण एक पाय उचलल्याशिवाय त्यात खेळ नाही. सूट्स पुढे विचारतो की माणसाच्या सगळ्या गरजा भागल्या, कामाची सक्तीच उरली नाही, तर माणूस करील काय? त्याचे उत्तर: खेळेल. म्हणजे काम आहे म्हणून खेळाला अर्थ आहे असे नाही. खेळ आपल्या पायावर उभा आहे.

मला यात सूट्सचे म्हणणे पटते. साठीच्या माणसाने पडद्यावर गोळ्या जुळवल्या तर त्याने मेंदू तल्लख राहतो, ताण कमी होतो, अशी सबब पुढे करण्याची गरज नाही. मजा आली, एवढे कारण पुरे आहे. दिवसभर ज्या जगात कष्टाचे फळ मिळेलच असे नाही, नियम अर्ध्यात बदलतात आणि हरल्याची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते, त्या जगातून आलेल्या माणसाला नियम स्पष्ट असलेली आणि हरल्यावर पुन्हा मांडता येणारी जागा हवी वाटते. यात लाजण्यासारखे काही नाही.

पण खेळणे चांगले, एवढ्याने 'किती?' हा प्रश्न सुटत नाही. जेवण चांगले असते म्हणून कोणी दिवसभर जेवत नाही. मग मोजायचे कशाने? पहिला हात घड्याळाकडे जातो. दिवसाला अर्धा तास चालेल, दोन तास जास्त झाले. गंमत अशी, की ज्यांनी हा विषय नीट तपासला त्यांना घड्याळाने फारशी मदत केली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराला स्थान मिळाले आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तीन लक्षणे आहेत, आणि ती साधारणपणे वर्षभर दिसायला हवीत. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सात खेळांच्या सुमारे ३९ हजार खेळाडूंच्या तासांची नोंद थेट खेळ बनवणाऱ्या कंपन्यांकडून मिळवली. तास वाढले म्हणून मन:स्थिती बिघडली किंवा सुधारली, असे म्हणण्याजोगे काही आढळले नाही. फरक दिसला तो वेगळ्या ठिकाणी: खेळावेसे वाटते म्हणून खेळणारा आणि खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून खेळणारा, यांच्यात.

कोणी म्हणेल, रोज आठ तास खेळणाऱ्याचे काय? त्याचे नुकसान होणारच. पण ते आठ या आकड्यामुळे होत नाही. त्या आठ तासांनी ज्या गोष्टी बाहेर ढकलल्या, झोप, चालणे, घरच्यांशी बोलणे, त्यांच्यामुळे होते. आकडा हे लक्षण आहे, कारण नव्हे.

मग दुसरे माप कोणते? मला वाटते, ते आपल्या सगळ्यांच्या लहानपणीच आहे. मूल अंगणात खेळते आणि कधीतरी घरातून हाक येते. एका दारातून "जेवायला ये," पलीकडच्या दारातून "ऊटक्क बा." खेळ थांबतो. मुलाला वेळ मोजावा लागत नाही. त्याच्या खेळाचा शेवट दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात असतो. मोठ्यांच्या जुन्या खेळांनाही असा शेवट होता. बुद्धिबळात मात होई. पत्त्यांचा डाव चौथा गडी उठला की मोडे. खेळ माणसांवर अवलंबून होता आणि माणसांना घरी जायचे असे.

पडद्यावरच्या खेळाने हा शेवट काढून घेतला. १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी टेट्रिस रचला. वरून ठोकळे पडत राहतात, ते जुळवायचे. या खेळाला जिंकणे नाही, नुसते टिकणे आहे. त्याची घरोघरच्या टीव्हीला जोडायची एक आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. तिच्यात ठोकळे इतके पडले की यंत्रच गोठून थांबले, असे माणसाच्या हातून पहिल्यांदा घडले डिसेंबर २०२३ मध्ये, आणि ते केले अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने. खेळाच्या टोकाला पोचायला चौतीस वर्षे लागली.

तरी टेट्रिस साधा होता. तो निदान आपणहून बोलावत नसे. २०१२ मध्ये आलेल्या कँडी क्रशमध्ये पाच 'जीव' मिळतात. ते संपले की खेळ तुम्हाला सोडतो, आणि दर अर्ध्या तासाने एक जीव परत देतो. मग फोन वाजतो: या, तुमची वाट पाहत आहोत. इथे काहीतरी उलटे झाले आहे. पूर्वी हाक घरातून येई आणि खेळणाऱ्याला परत नेई. आता हाक खेळातून येते आणि घरात बसलेल्याला बाहेर नेते.

म्हणून मोठ्या माणसाच्या खेळाचा प्रश्न मला असा दिसतो: हाक आली तर उठता येते का? आणि हाक कोणाची ऐकू येते?

प्रेमचंदांची १९२४ सालची 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये काढलेला चित्रपट अनेकांना आठवत असेल. लखनौचे दोन अमीर बुद्धिबळात इतके बुडालेले असतात, की अवधचे राज्य जाते तरी ते पटावरून उठत नाहीत. आपण या कथेचा अर्थ राज्य बुडण्याशी लावतो, आणि ते योग्यच आहे. पण कथेत राज्य जाण्याच्या आधी एक लहान गोष्ट घडते. मिर्झाच्या बेगमेचे डोके दुखत असते. ती दासीला पुन्हा पुन्हा बोलवायला पाठवते, आणि मिर्झाचे 'आलोच' काही संपत नाही. राजाच्या संकटाला न उठणारा माणूस आधी बायकोच्या हाकेला उठलेला नसतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातही फाशांइतकेच दु:ख घरात मागे राहिलेल्या बायकोचे आणि आईचे आहे. खेळाचे पहिले नुकसान शेजारच्या खोलीत होते.

इथे आणखी एक गोष्ट बोलायला हवी, जी खेळाच्या चर्चेत सहसा येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. फरक सव्वातीन तासांहून अधिक आहे. कोणाच्या दोन तासांच्या खेळाला स्वयंपाकघरातल्या कोणाचे तरी दोन तास चहा, भांडी आणि उद्याच्या डब्याच्या रूपाने आधार देत असतील, तर खेळणाऱ्याने स्वत:चा वेळ घालवलेला नाही. त्याने दुसऱ्याचा खर्चला आहे. आणि ज्या बाईला खेळातून उठवण्यासाठी कधी कोणाला हाक मारावी लागली नाही, तिचा संयम मोठा होता असे नव्हे. तिचा खेळ सुरूच झाला नव्हता.

तेव्हा मोठ्यांनी आनंदाने किती खेळावे? माझे उत्तर तासांत नाही, पण ते सैलही नाही. घरातल्या प्रत्येकाला जेवढी फुरसत मिळते, तेवढी आपलीही. आणि त्या फुरसतीत हवे तेवढे, अपराध वाटून न घेता. हाक आली तर 'आलोच' न म्हणता उठता येईल, इतपत. एकट्या राहणाऱ्या माणसाला हाक मारायला कोणी नसते. मुले पुण्याला किंवा बंगळूरला असतात, संध्याकाळ लांब असते. अशा आजींनी दोन तास शब्दांचा खेळ खेळला तर त्याला नाक मुरडणारे आपण कोण? मात्र झोपेची, औषधाची, दाराशी आलेल्या शेजारणीची हाक त्यांनाही ऐकू यावी. मोठे होणे म्हणजे आईने मारायची हाक स्वत:च स्वत:ला मारता येणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्या परंपरेने खेळाला सरसकट पाप ठरवलेले नाही. दिवाळीतला पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. तिलाच द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. पुराणकथा सांगते की त्या दिवशी शंकर-पार्वतीने सारीपाट मांडला आणि पार्वती जिंकली. या कथेत मला विशेष वाटते ते तिचे जिंकणे नव्हे. पटाच्या दोन्ही बाजूंना दोघे बसलेले आहेत, आणि हाक मारायला आत स्वयंपाकघरात कोणी उरलेले नाही, हे विशेष. यंदाच्या पाडव्याला फराळाची ताटे दोघांनी मिळून उचलली, तर तेवढा खेळ आपल्याही घरात होण्यासारखा आहे.