त्रेचाळीस सेकंद

पतसंस्थेचे तिन्ही सर्व्हर एका दमात बंद पडले तेव्हा रात्रीचे सव्वादोन वाजले होते. पाळीवर मी एकटाच. स्टोरेजवाल्यांनी आधी कळवलं होतं, "एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर जातोय, डिस्क जराशी जाईल आणि येईल." डिस्क आलीही, पण तोवर तिला हात लावायला कोणी उरलं नव्हतं. कन्सोलवर शेवटच्या ओळींत एक वाक्य होतं. इंग्रजीत होतं, अर्थ असा: ही यंत्रणा बाजूला काढावी लागते आहे, याबद्दल ओसीएफएस-टू (तिन्ही सर्व्हरना एकच डिस्क वापरू देणारी फाइल सिस्टिम) फार दिलगीर आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते खरोखरच लिहून ठेवलेलं आहे. मला मात्र त्या रात्री चीड आली.

सकाळी मॅडम आल्या तेव्हा मी तयारीतच होतो. "मॅडम, हे फेन्सिंग, हे सर्व्हरने आपोआप बाजूला होणं, काढूनच टाकू. डिस्क परत येणारच होती ना!"

त्यांनी खुर्ची ओढली. "प्रत्येक सर्व्हर दर दोन सेकंदांनी काय करतो, सांग."

ते मला माहीत होतं. सामायिक डिस्कवर हजेरीपट असतो. त्यात प्रत्येकाची ठरलेली जागा, तिथे तो सही करतो आणि बाकीच्यांच्या सह्या पाहतो.

"आणि सही करता आली नाही तर?"

"स्वतःच रीस्टार्ट होतो."

"का? अरे, सह्या थांबल्या की बाकीचे त्याला मेला धरतात. त्याची कुलुपं सोडवतात, त्याचं अर्धवट जर्नल पुरं करतात. सातबाऱ्यावरून नाव कमी झालेला माणूस उद्या परत येऊन त्याच शेतात नांगर घालू लागला, तर पिकाचं काय होईल? खातेदारांचे पैसे आहेत त्या डिस्कवर. ज्याला सही जमत नाही, तो शेतात पाऊल टाकायच्या आत आपणहून बाजूला होतो. तो वेडेपणा नाही."

मी गप्प झालो. मग सेटिंग पाहिली. हार्टबीट थ्रेशोल्ड, म्हणजे सह्या थांबल्यावर किती वाट पाहायची तो आकडा: ७. त्यातून एक वजा करायचा आणि दोनाने गुणायचं: १२ सेकंद. जुन्या आवृत्तीतला तो आकडा कोणी बदललाच नव्हता.

"मग १८०१ करू," मी म्हणालो. "तासभर वाट पाहील."

मला वाटलं, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "चाचणीच्या सर्व्हरवर कर." केलं. त्यांनी सरळ एका सर्व्हरची वीज काढली. "आता दुसऱ्यावर फाइलींची यादी काढ."

मी कमांड दिली. कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकत राहिला. चहा आला, निवला, वर साय धरली. मेलेल्याची कुलुपं तशीच होती, कारण त्याला मेला म्हणायला अजून पाऊण तास बाकी होता. तिकडे शाखेतली माणसं रांगेत उभी असती, एवढं माझ्या डोळ्यांपुढे आलं. पुढे मॅडमना काही सांगावं लागलं नाही.

दुपारभर आम्ही नुसतं मोजलं. कंट्रोलर बदलायचा, घड्याळ पाहायचं, वहीत लिहायचं. ३१, ३८, ४३, ३६. त्रेचाळीसच्या वर कधी गेलं नाही. डिस्ककडे जाणारे रस्ते सांभाळणाऱ्या मल्टिपाथला सांगितलं, सगळे रस्ते बंद दिसले तरी लगेच चूक कळवू नकोस. दर ५ सेकंदांनी एकदा, असं १० वेळा पाहा. हे पन्नास सेकंद झाले. तो आधीच 'डिस्क नाही' म्हणाला असता, तर वरच्या ओसीएफएस-टूने धीर धरून उपयोग नव्हता. थ्रेशोल्ड ३१ केला, म्हणजे साठ सेकंद. रविवारी तिन्ही सर्व्हरवरून डिस्क उतरवून तोच आकडा तिघांना दिला. एकाला वेगळा दिला, तर बाकीचे त्याला सोबत घेत नाहीत.

पुढच्या महिन्यात कंट्रोलर पुन्हा बदलायचा होता. रात्रीची वेळ, पुन्हा मीच. मॅडम फोनवर. पडद्यावरच्या हालचाली थांबल्या. बारावा सेकंद आला तेव्हा माझा श्वास अडकला. वीस. तीस. पंख्यांचा आवाज तेवढा चालू. मग तिन्ही खिडक्यांत अडकलेल्या ओळी भराभर वर सरकल्या. एकही सर्व्हर पडला नव्हता.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"एकेचाळीस."

"वहीत लिही," त्या म्हणाल्या, "आणि तारीख घाल."