जातिवंत

कुत्रा पाळायचा हे एकदा ठरलं की घरात शांतता नांदते, असं ज्याला वाटतं त्याने कुत्रा पाळलेला नसतो आणि बहुधा लग्नही केलेलं नसतं. खरी भांडणं त्यानंतर सुरू होतात. कुठल्या जातीचा?

पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. जुनं कौलारू घर, पाच आंबे, थोडे काजू, आणि हे सगळं आपलंच आहे अशी ठाम समजूत असलेली वानरं. आम्ही महाडात राहतो. थोरला आणि सूनबाई आता तिकडे कायमचे राहायला जाणार, तेव्हा राखणीला एक दांडगा कुत्रा हवा, इथवर एकमत झालं. पुढच्या सभेचे तीन रविवार झाले, चौथा जवळ आला आहे.

थोरला अल्सेशियनच्या पक्षात आहे. मेंढ्या राखणारी जर्मन कुत्री निवडून निवडून श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने ही जात नावारूपाला आणली. १८९९ मध्ये तिची रीतसर संस्थाही काढली. नाव जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धामुळे इंग्रजांना ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाला, पण कुत्रा हवासा होता. मग त्यांनी त्याचा अल्सेशियन केला. कुत्रा तोच, फक्त आडनाव बदललं. आडनाव बदलल्यावर घर मिळतं, हा अनुभव आपल्याकडे काही नवा नाही.

सूनबाईंचं मत डॉबरमनला. या जातीचा मूळपुरुष म्हणजे आपोल्डा गावचा डोबरमान नावाचा गृहस्थ. तो करवसुली करायचा आणि गावातल्या मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्तही त्याच्याकडेच होता. वसुलीला जाताना सोबतीला कोणीतरी दातवालं असावं, हा त्याचा विचार. आमचे मेहुणे उभा जन्म वसुली खात्यात होते. हे ऐकून त्यांचे डोळे पाणावले. “आम्हाला नुसती एक वही द्यायचे हो,” म्हणाले.

धाकटा रॉटवायलरवर अडून बसला आहे. रॉटवाइल गावच्या खाटकांची गुरं हाकायची, मांसाच्या गाड्या ओढायच्या, हे या कुत्र्याचं पिढीजात काम. वजन पन्नास किलो. म्हणजे तांदळाच्या पोत्याएवढा. पण पोतं दिवसातून दोनदा जेवायला मागत नाही.

“आणि पावसाळ्यात?” हिने विचारलं.

ही सहसा सभेत बोलत नाही, आतून भांड्यांचे आवाज करून मतदान करते. पण प्रश्न बरोबर होता. आमच्या भागात दरडीची भीती वाटली की महाडला उतरायचं आणि सावित्रीचं पाणी चढलं की डोंगराकडे बघायचं. २०२१ च्या जुलैत दोन्ही एकदम झालं. महाड बुडलं होतं, पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी आल्या होत्या आणि तळियेत घरंच्या घरं माणसांसकट गाडली गेली. त्या पाण्यात दावणीची जनावरं कुठल्या कुठे गेली. “तुमचा पन्नास किलोचा कुत्रा माळ्यावर कोण चढवणार? आणि पळताना साखळी सोडायचं कोणाच्या लक्षात राहणार?” ही म्हणाली. सभा जरा गप्प झाली. मग धाकटा पुटपुटला, “पण जातिवंत असतो गं.”

या शब्दापाशी मी अडकलो, तो अजून तिथेच आहे. जातिवंत! आणि बसलोय कुठे, तर महाडात. आमच्या चवदार तळ्यावर गुरं, कुत्री-मांजरं खुशाल पाणी पीत, कोणी कुत्र्याला जात विचारली नाही. अस्पृश्य माणसाला मात्र ओंजळभर मिळत नव्हतं, आणि तेही नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केल्यावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तर पुढे गावकऱ्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. कोर्टकज्जा १९३७ पर्यंत चालला. ज्या गावात माणसाची जात बघायची आणि कुत्र्याची बघायची नाही असा नेम होता, तिथे आम्ही आता कुत्र्याची वंशावळ मागतो आहोत, तीन पिढ्यांची, शिक्क्यासह!

थोरला म्हणतो, “बाबा, कुत्र्यांत ते खरंच असतं. मेंढपाळ जातीचं पिल्लू कोणी न शिकवता कोंबड्यासुद्धा घेरून कोपऱ्यात आणतं.” असेल, नव्हे, आहेच. शंभर वर्षं आई-बाप निवडून माणसाने ते त्याच्या रक्तात भरलंय. पण मग तर घोटाळा आणखी वाढतो. माणसाला जन्मावरून काम चिकटवलं, जे त्याच्या रक्तात नव्हतं. कुत्र्याच्या रक्तात काम घातलं आणि नंतर त्याला ग्रिलच्या व्हरांड्यात बांधून ठेवलं, बिनकामाचं. तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो आणि आपण म्हणतो, जात तापट आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने तेवीस जाती घातक ठरवून पत्रक काढलं, त्यात रॉटवायलरही होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जन्मावरूनच गुन्हेगार ठरवायचा इंग्रजांचा १८७१ चा कायदा माणसांच्या मानगुटीवरून उतरायला १९५२ उजाडलं होतं. त्या मानाने कुत्री लवकर सुटली.

मेहुण्यांनी मध्येच युधिष्ठिर काढला. कुत्र्याला सोडून स्वर्गात येत नाही म्हणाला तो. बरोबर. पण त्या कुत्र्याची जात महाभारतात कुठे दिलेली नाही, आणि हिमालय चढताना तो काही राखण करत असेल असंही दिसत नाही. मागे मागे येत होता, एवढंच.

शेवटी मीच पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर जाऊन आलो. म्हातारबाबांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. चांगली हाडापेराची, पंजे भाकरीएवढे. मी विचारलं, “बाबा, जात कुठली यांची?”

“आमचीच की,” म्हातारबाबा म्हणाले. मग त्यांनी उलट चौकशी सुरू केली. “गुरुजी, जनावरं किती तुमच्याकडं?”

“जनावरं नाहीत. मुलाची मोटारसायकल आहे.”

“शेरडं?”

“नाहीत.”

“रातचं वाडीत कोण असतं?”

“मुलगा आणि सून असतील. दिवसा मुलगा कामाला पोलादपुरात.”

“मंग कुत्र्यानं दिवसभर करायचं काय?”

मी वानरांचा उल्लेख केला. त्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. पिल्लू देतो म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत. येत्या रविवारी स्वतः वाडीवर येऊन घर बघतो, मुलाला आणि सुनेला बघतो, मग सांगतो, म्हणाले.

घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा रॉटवायलर, डॉबरमन सगळे मागे पडले. सूनबाई वाडीवरच्या घराला चुना काढायला लागल्या आहेत. थोरल्याने दाढी केली. ही विचारत होती, म्हातारबाबांना कांदेपोहे चालतील ना?