परभाषेचे ऋण

दुसऱ्याच्या भाषेवर आणि संस्कृतीवर जीव जडला, म्हणजे आपल्या माणसांविषयीची निष्ठा उणी होते काय? आपल्या कॅथलिक घरांना हा प्रश्न नवा नाही. पोर्तुगीज आडनाव ऐकले की समोरचा गृहस्थ हटकून विचारतो, "मराठी इतके चांगले कसे बोलता?" त्यात दुष्टावा नसतो, पण असे आडनाव असलेला माणूस पुरता इथला कसा, ही शंका त्या कौतुकातच दडलेली असते. गंमत अशी की इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीला 'ख्रिस्तपुराण' (१६१६) दिले, म्हणून ते इंग्लंडचे उरले नाहीत असे कोणी म्हणत नाही. शंका घेतली जाते ती उलट दिशेने.

या प्रश्नाचा विचार करताना मला एका जर्मन अध्यापकाचे आयुष्य वारंवार आठवते. फ्रेंच साहित्य शिकविणे हा त्यांचा पेशा आणि फ्रान्सचे अठरावे शतक हा त्यांचा जन्माचा ध्यास. त्यांचे नाव व्हिक्टर क्लेम्पेरर.

१८८१ साली एका यहुदी राब्बीच्या घरी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा घेतला. मॉन्तेस्क्यू या फ्रेंच विचारवंतावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि तो लिहून होतो न होतो तोच १९१५ साली ते आपणहून जर्मन सैन्यात शिरून पश्चिम आघाडीवर तोफखान्यात गेले. यात त्यांना विसंगती वाटली नाही. देश जर्मनी, ध्यास फ्रेंच, दोन्ही त्यांचेच. १९२० पासून ते ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होते. १९३५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, नाझी राजवटीने त्यांना सक्तीने निवृत्त केले. आघाडीवरची सेवा, बाप्तिस्मा, विद्वत्ता यांपैकी काहीच कामी आले नाही. त्या कायद्याला माणूस दिसत नव्हता, त्याचे आजी-आजोबा तेवढे दिसत होते.

निवृत्त अध्यापकाला निदान पुस्तके तरी उरतात. यांना तीही उरली नाहीत. १९३८ च्या अखेरीस ग्रंथालयाचे दार बंद झाले आणि फ्रेंच अठराव्या शतकाच्या इतिहासाचे हाती घेतलेले काम तसेच पडून राहिले. पुढे राहते घर गेले, छातीवर पिवळा तारा आला, मांजर पाळणेदेखील गुन्हा ठरले. अशा वेळी या माणसाने जे जवळ होते त्याचाच अभ्यास मांडला. वर्तमानपत्रातले, रस्त्यावरचे, कारखान्यातले, अगदी स्वतःसारख्याच पीडितांच्या तोंडचे शब्द तो टिपू लागला. त्या टिपणांतून १९४७ साली नाझींच्या भाषेवरचे त्यांचे पुस्तक झाले.

इथेच फ्रेंचचे ऋण दिसते. 'फानाटिश', म्हणजे धर्मवेडा, माथेफिरू, हा शब्द नाझी भाषणांतून स्तुतीचा झाला होता. निष्ठा फानाटिश, श्रद्धा फानाटिश. कोट्यवधी जर्मनांनी तो निमूट गिळला. क्लेम्पेरर यांच्या कानाला मात्र तो टोचला, कारण व्हॉल्तेर आणि त्याच्या समकालीनांनी हाच शब्द शिवीसारखा वापरलेला त्यांनी आयुष्यभर वाचला होता. (व्हॉल्तेरचे ग्रंथ आपल्या चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होते; ती यादी १९६६ साली संपुष्टात आली. पण १७६२ मध्ये तुलूझला झ्याँ कालास या प्रॉटेस्टंट माणसाला अन्यायाने देहान्त शिक्षा झाली, तेव्हा त्याच्या बाजूने झुंजला तो व्हॉल्तेरच, हे आपण विसरू नये.) परकी भाषा अंगी मुरली नसती, तर स्वतःच्या भाषेत कालवलेले विष त्या कानांना कळले असते का? मला तसे वाटत नाही. मायबोली आपण श्वासासारखी घेतो, आणि श्वासाचा वास आपला आपल्याला येत नाही. आपल्याकडे 'कट्टर' हा शब्द बहुधा वैऱ्यापुढे लागत असे. आता तो गाड्यांच्या काचांवर अभिमानाने मिरवतो, आणि कोणाचा कान टवकारत नाही.

त्या पुस्तकातला एक प्रसंग मला सर्वांत अस्वस्थ करतो. क्लेम्पेरर पाकिटांच्या कारखान्यात सक्तीच्या मजुरीवर होते. शेजारच्या कामगार बाईने त्यांच्या आजारी पत्नीची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक सफरचंद आणून दिले. यहुदी मजुराशी बोलण्याचीसुद्धा बंदी असताना! मग तिने कुतूहलाने विचारले, "तुमची बायको खरेच जर्मन आहे का?" सफरचंदाचा आनंद तिथेच मावळला. बाई दुष्ट नव्हती. असती तर सफरचंद आणते कशाला? पण 'जर्मन' या शब्दातून तिच्यासमोर उभा असलेला माणूस केव्हाच वगळला गेला होता, आणि तिला त्याची वार्ताही नव्हती. आपल्याला विचारला जाणारा तो कौतुकाचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच नव्हेत. दोहोंच्या परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी दोन्हींची बी मला एकाच कणगीतली वाटते.

पत्नी एव्हा यहुदी नव्हती. घटस्फोट घेतला असता तर ती सुखाने जगली असती, आणि तो मात्र मृत्युछावणीत गेला असता. तिने घेतला नाही. रोजनिशीची पाने ती पिर्ना गावी एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोहोचवीत असे. ती पाने सापडती तर तिघांचाही जीव गेला असता. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर बाँबवर्षाव झाला, तेव्हा त्या धुमाळीत तारा काढून टाकून पतिपत्नी निसटली. ती रोजनिशी १९९५ साली जर्मनीत प्रसिद्ध झाली.

युद्धानंतर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. नव्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतही जुनाच फुगीरपणा ऐकू येतो, असे त्यांनी रोजनिशीत लिहिले, पण चारचौघांत ते तसे बोलले नाहीत. त्यांच्याविषयीचा माझा आदर इथे अडखळतो. वाचलेल्या माणसाला वाचविणाऱ्यांविरुद्ध बोलणे जड जाते हे समजू शकते, एवढेच.

फ्रान्सवरही त्यांचे प्रेम आंधळे नव्हते. ज्या रूसोला त्यांनी वर्षानुवर्षे शिकविले, त्याच्या विचारांतला एक धागा हिटलरपर्यंत पोहोचतो, अशी कबुली त्यांनी त्या काळोख्या वर्षांतच स्वतःशी दिली. तरी रूसोला त्यांनी टाकले नाही. अडलेला इतिहास त्यांनी पुन्हा हाती घेतला. व्हॉल्तेरच्या शतकार्धावरचा पहिला खंड १९५४ साली निघाला. रूसोवरचा दुसरा खंड १९६६ साली प्रसिद्ध झाला. क्लेम्पेरर यांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.