शिकणारीला बांधून ठेवावं का?

घरात बसून शिकायची आज जेवढी सोय आहे, तेवढी आपल्या आई-आजीच्या काळात नव्हती. टॅलीवर हिशेब, शिवणकाम, इंग्रजी बोलणं, सगळं मोबाइलवर शिकता येतं. भारत सरकारचं ‘स्वयम्’ 9 जुलै 2017 ला सुरू झालं. तिथे शिकायला पैसे लागत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. वय किती म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

मग अडतं कुठे? सुरुवात पुष्कळ जणी करतात, शेवट गाठणाऱ्या थोड्या. हे काही फक्त आपल्या बुऱ्हाणपुरातलं नाही. जगभरातल्या मोठ्या मोफत ऑनलाइन वर्गांचा अनुभव हाच आहे; नाव घालणाऱ्या दहांतला एकही बहुधा शेवटपर्यंत पोचत नाही. शाळेत बाई होत्या, शेजारी मैत्रीण होती. इथे आपण एकट्या, आणि समोर काचेचा तुकडा.

म्हणून असे वर्ग घडवणाऱ्यांनी शिकणाऱ्याला धरून ठेवायच्या युक्त्या काढल्या. धडा झाला की गुण, गुणांवर बिल्ले, कोण पुढे कोण मागे याची यादी. भाषा शिकवणाऱ्या ‘ड्युओलिंगो’त तर न चुकता किती दिवस आलात याची साखळी मोजतात. दिवस चुकला की साखळी तुटते. आता प्रश्न असा, की चांगल्या कामासाठी का होईना, माणसाच्या लोभाला आणि भीतीला हात घालावा का? यादीत वर दिसायची हौस म्हणजे मान, बिल्ले साठवणं म्हणजे लोभ. जे कषाय कमी करा म्हणून जन्मभर ऐकतो, त्यांच्याच खांद्यावर बसवून ज्ञान घरी आणायचं?

कुणी म्हणेल, बाई, तुमच्या पाठशाळेत तरी वेगळं काय चालतं? प्रभावनेच्या लाडवासाठी पोरं येतातच ना? येतात. पण फरक आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतली मुलं, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी तेच दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे पाहिलं तर आमिष दाखवलेल्या मुलांचा चित्रांतला रस कमी झाला होता. अचानक मिळालेल्यांचा झाला नव्हता. म्हणजे खाऊ वाईट नाही, ‘खाऊ मिळेल म्हणून कर’ हे वाईट. आणि प्रभावना आलेल्या प्रत्येकाला सारखी मिळते, नंबर बघून नाही.

साखळीचं तर बाईच्या बाबतीत आणखी एक आहे. शनवाऱ्यातल्या एखाद्या सुनेचा दिवस तिचा एकटीचा नसतो. सासूबाईंना ताप येतो, नणंद माहेरपणाला येते, वीज जाते. चाळीस दिवसांची साखळी एकेचाळिसाव्या दिवशी तुटते, आणि पडद्यावर शून्य. चाळीस दिवस शिकलेलं कुठे गेलं? कुठेच नाही, तिच्या डोक्यात आहे. पण शून्य बघून तिला वाटतं, ‘माझ्याच्यानं काही होत नाही.’ जिला घरात हे आधीच शंभरदा ऐकवलं गेलंय, तिला यंत्रानंही ऐकवायचं? मी याला हिंसाच म्हणेन, रक्त न काढणारी.

आपल्याकडे स्वाध्यायाला सहा अभ्यंतर तपांत जागा आहे. तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. साध्या बोलीत सांगायचं तर वाचावं, विचारावं, मनात घोळवावं, पुन्हा पुन्हा म्हणावं आणि दुसऱ्याला सांगावं. ‘स्वयम्’च्या वर्गाचे भाग चार: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःला तपासायचे प्रश्न आणि चर्चेची जागा. वाचना आली, पृच्छना आली, प्रश्नांच्या निमित्तानं थोडी उजळणीही झाली. मनात घोळवायला आणि दुसऱ्याला सांगायला वेगळी जागा मात्र नाही. माझ्या मते माणसाला टिकवतं ते तेच. जीएसटीचा धडा पाहिलेल्या सुनेनं त्याच दिवशी घरच्या दुकानाचं एक बिल करून पाहावं, जावेला समजावावं. जाऊ काहीतरी आडवा प्रश्न विचारतेच! त्याचं उत्तर शोधायला दुसऱ्या दिवशी ती आपणहून धडा उघडते. तिला बिल्ला लागत नाही.

आपल्या गावात याचा चारशे वर्षांचा दाखला जमिनीखाली आहे. 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, इराणी जाणकार तबकतुल अर्ज यानं कुंडी भंडारा घडवला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी, भुयारी वाट, आणि वर उघडणाऱ्या कुंड्यांची रांग. मोट नाही, पंप नाही. उतार नीट साधलाय, म्हणून पाणी आपल्या पायानं चालत येतं. शिकवणं रचणाऱ्याचं काम हे असं उताराचं आहे. धडा लहान असावा, घरच्या भाषेत असावा, हातातल्या कामाशी जोडलेला असावा. उत्तर चुकलं तर का चुकलं ते त्यानं सांगावं. अडलं तर विचारायला कोणीतरी जिवंत माणूस असावं. आणि महिन्यानं परत आलेल्या बाईला ‘या, इथपर्यंत झालं होतं’ एवढंच म्हणावं. हजेरी मागू नये.

समाजातल्या ज्या मैत्रिणी ऑनलाइन पाठशाळा किंवा हिशेबाचे वर्ग चालवतात, त्यांना माझं एवढंच सांगणं. रोज किती जणी आल्या हे मोजण्यापेक्षा, शिकलेलं कोणी कोणाला सांगितलं ते विचारा. दहा धड्यांतले चार शिकून एखादी थांबली, तर तिला ‘अर्धवट’ म्हणू नका. कदाचित तिला चारच हवे होते. ते घेऊन ती आपल्या कामाला लागली असेल, तर तुमचं शिकवणं पूर्ण झालं.