गंज कुठे लागला आहे?

जुनी गाडी दुरुस्त करत बसणारा माणूस हिशेबात कच्चा असतो, असे दुबई-शारजातल्या मराठी मंडळींमध्ये हल्ली फार ठामपणे सांगितले जाते. सोबत एक नियमही येतो: वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की गाडी विकून मोकळे व्हावे. मला हा नियम साफ चुकीचा वाटतो. समजा, गाडीचा भाव आठ हजार दिरहम आहे आणि खर्च चार हजार. नियम म्हणतो, विका. पण विकल्यावर ऑफिसला कशाने जायचे? नव्या गाडीचा महिना दीड हजाराचा हप्ता धरला, तरी वर्षाला अठरा हजार होतात. शिवाय विमा वाढतो आणि शोरूमबाहेर पडताच किंमत उतरते. दुरुस्तीची तुलना या अठरा हजारांशी करायची. बाजारभावाशी तिचा संबंध फक्त विकण्याच्या दिवशी येतो.

या मंडळींचा दुसरा आधार म्हणजे बुडीत खर्चाचा सिद्धांत. रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये आणि आर्क्स व ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की एकदा पैसे भरले की माणूस केवळ ते भरले म्हणून त्या गोष्टीला चिकटून राहतो. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरू नये, हे मान्यच. पण त्या पैशाबरोबर गाडीविषयीचे ज्ञानही येते. एसीचा कॉम्प्रेसर कधी बदलला, रेडिएटर कुठे गळत होता, गिअरबॉक्स कोणी उघडला, हे आपल्याला माहीत असते. दुसऱ्याची ‘कमी चाललेली’ गाडी घेताना आपण त्याने लपवलेले सगळे विकत घेतो. १६ एप्रिल २०२४चा पाऊस इथे कोणी विसरलेले नाही. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही. शारजाच्या काही वस्त्या कित्येक दिवस पाण्यात होत्या, आणि गाड्याही. त्यांतली कोणती गाडी धुऊनपुसून बाजारात आली, हे नुसत्या डोळ्यांना कसे कळणार?

वयावर बोट ठेवणारेही तितकेच चुकतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना १ जुलै २०२५पासून इंधन देऊ नये, असा आदेश निघाला; लोक संतापले, काही दिवसांतच तो थांबवावा लागला. अमिरातीची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. पहिली काही वर्षे गेली की गाडी दरवर्षी पासिंगला न्यायची, ती पास झाली तरच मुल्कियाचे, म्हणजे नोंदणीचे, नूतनीकरण. प्रश्न गाडी किती जुनी आहे असा नसतो, कशी आहे असा असतो. इथल्या घरांनी टाकलेल्या गाड्या रास अल खोरच्या व्यापाऱ्यांमार्फत आफ्रिकेत जातात आणि तिथे वर्षानुवर्षे माणसे वाहतात. गाडीचे आयुष्य बऱ्याचदा लोखंडापेक्षा मेकॅनिकच्या मजुरीवर ठरते.

या वादात मला सर्वांत जवळचा वाटतो तो भदंत नागसेन. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि नागसेन यांचा संवाद आहे. तो घडला ते सागल नगर म्हणजे आजचे सियालकोट, असे मानले जाते. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो: दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके? सांगाडा? जू? लगाम? पराणी? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. मग हे सगळे एकत्र केले की रथ का? तेही नाही. आणि यांच्या वेगळा असा रथ कुठे आहे का? तोही नाही. भाग एकमेकांच्या आधाराने जुळतात, तेव्हा त्या जुळणीला आपण रथ म्हणतो.

‘इंजिन बदलले, गिअरबॉक्स बदलला, आता ही ती गाडी राहिलीच कुठे?’ या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. गाडीच्या आत सांभाळायला कोणतेही मूळ सत्त्व बसलेले नाही. बदलता येतो तो भाग बदलावा आणि पुढे जावे. शारजाच्या सनाइयातले, म्हणजे औद्योगिक वसाहतीतले, मेकॅनिक रोज हेच करतात. रास अल खैमाहला मोडीत काढलेल्या कोरोलाचा अल्टरनेटर अजमानच्या कोरोलात बसतो, आणि दोन्ही मालकांना त्यात काही वावगे वाटत नाही. इथवर मी पूर्णपणे नागसेनाच्या बाजूने आहे. दुरुस्त करा, निःशंकपणे करा.

पण गंजापाशी आल्यावर ही यादी अपुरी पडते. नागसेन सांगाडा आणि पराणी एकाच ओळीत मोजतो. अस्तित्वाच्या प्रश्नाला ते पुरेसे आहे. ओझे कोण उचलते या प्रश्नाला नाही. पराणी मोडली तर दुसरी काठी घेता येते. सांगाडा कुजला तर बाकीचे भाग कशाला बांधायचे?

वाळवंट कोरडे, तिथे गंज कसला, असे पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटते. अल ऐनसारख्या आतल्या भागापुरते ते बरेचसे खरे आहे. किनाऱ्यावर मात्र उन्हाळ्यातल्या रात्री हवा पाण्याने जड असते. आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली, की पत्र्यावर बसलेले मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. पावसाचा थेंबही न पडता समुद्राकाठी उभी गाडी रात्रभर खाऱ्या पाण्यात राहते. ॲल्युमिनियमवर चढणारा थर आतल्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज उलट फुगतो, रंग उचलतो, आणि हवा-पाण्याला आत वाट करून देतो. म्हणून तो आपोआप थांबत नाही.

सनी किंवा कोरोलासारख्या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी, फ्लोअर, सस्पेन्शन जिथे जोडलेले असते ती जागा, यांवरच सगळा भार असतो. धडक बसली तर तिचा जोर माणसांपासून दूर नेण्याचे कामही याच पत्र्याचे. तो सडलेला असेल, तर मागच्या सीटवर बसलेल्या मुलांना वाचवणारे काही उरत नाही. इथे हप्त्याचा हिशेब संपतो.

म्हणून बिलाचा अंदाज मागण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. गंज दार, बॉनेट किंवा मडगार्डला असेल, तर डेंटरकडे द्या आणि आणखी पाच वर्षे चालवा. पट्टीत स्क्रूड्रायव्हर आत जात असेल, सस्पेन्शनच्या सांध्यापाशी पापुद्रे सुटत असतील, तर इंजिन कितीही चांगले असो, थांबा. आणि अशा गाडीला पुट्टी भरून, वर रंग मारून, नुकत्याच इथे आलेल्या एखाद्या गरजू माणसाला विकू नका. देश सोडताना पुष्कळ जण नेमके हेच करतात, आणि तो घेणारा आपल्यासारखाच कोणाचा तरी बाप किंवा भाऊ असतो. ती गाडी भंगारात द्या. तिचे चांगले भाग दुसऱ्या गाड्यांत चालत राहतील. सडलेला सांगाडा मात्र कोणालाही घेऊन रस्त्यावर उतरता कामा नये.