राखेत उमटलेले खूर

प्रागैतिहासिक काळातल्या प्राण्यांविषयी आपल्याला जे कळते, ते बहुतांशी त्यांच्या मरणातून. उत्खननात हाडे सापडतात: मज्जेसाठी फोडलेली, हत्याराच्या खुणा असलेली, कधी भाजलेली. अभ्यासक त्यांची मोजदाद करतात, जनावराचे वय ठरवतात आणि कोणत्या प्राण्याचे मांस किती खाल्ले जाई याचा अंदाज बांधतात. हे काम मोलाचेच आहे. पण हाड हा त्या नात्याचा शेवटचा दिवस आहे. आधीची सगळी वर्षे माणूस आणि जनावर एकमेकांच्या सहवासात कसे जगले, याविषयी ते फार थोडे सांगते. त्यासाठी वेगळा पुरावा शोधावा लागतो, आणि दख्खनमध्ये तो विपुल आहे.

उत्तर कर्नाटक आणि लगतच्या आंध्र-तेलंगण भागात राखेच्या टेकड्या आहेत. बळ्ळारीजवळच्या कुडतिनीसारखी टेकडी दुरूनही नजरेत भरते. लोकांनी तिला भीमाने मारलेल्या हिडिंबासुराची राख मानले. इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्वालामुखीपासून भट्ट्यांपर्यंत अनेक तर्क लढवले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ही जळालेल्या शेणाची राख असल्याचे मत मांडले, आणि पुढे प्रयोगशाळेतील तपासणीने ते खरे ठरवले.

1957 मध्ये पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी उत्नूर येथील टेकडी खणली. तिथे लाकडी मेढी रोवून केलेल्या कुंपणाच्या खुणा मिळाल्या, आणि कुंपणाच्या आत गुरांच्या खुरांचे ठसे. हा इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकातला गोठा होता. तिथे शेण साठत गेले, पेटवले गेले, कुंपण जळाले आणि त्याच जागी पुन्हा उभे राहिले. असे अनेकदा झाले. काही थर इतके तापले होते की राख वितळून काचेसारखी झाली.

या ठशांमागे रोजचे कष्ट आहेत. रानातून मेढी तोडून आणायच्या, रात्री वाघ-बिबट्यांपासून कळप राखायचा, उन्हाळ्यात पाणी शोधायचे, गाय व्यायली की जागे राहायचे. इथे माणसाने जनावराला पाळले हे खरे, पण कळपाच्या गरजेनुसार माणसाचा दिवस, मुक्काम आणि वाटाही ठरल्या. कुपगल टेकडीवरच्या दगडांत त्या प्रदेशातल्या लोकांनी वशिंडाचे, लांब शिंगांचे बैल पुन्हा पुन्हा कोरले, तेही या सहवासातूनच.

हीच माणसे गुरे मारून खातही होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी बुदिहाळ येथे राखेच्या टेकडीलगत वस्ती शोधली. तिथे गुरे कापण्याची स्वतंत्र जागाही मिळाली; हाडे आणि दगडी हत्यारे एकत्र विखुरलेली. म्हणजे ज्या जनावराभोवती वस्ती उभी राहिली आणि ज्याची आकृती खडकावर उमटली, त्याचेच मांस वाटून घेतले जाई.

आपल्याला यात विसंगती दिसते, कारण आपण आजचे प्रश्न तिकडे नेतो. गाय पूज्य होती की भक्ष्य, असे विचारले की उत्तर कुणाच्या तरी आजच्या बाजूला झुकवता येते. पुरावा मात्र दोन्ही गोष्टी एकाच वस्तीत दाखवतो. शेणाला आग का लावत, यावरही असेच मतभेद आहेत: ऑल्चिन यांनी सणांच्या अग्नीकडे आणि गुरे आगीवरून नेण्याच्या प्रथेकडे बोट दाखवले, तर इतरांनी स्वच्छतेसारखी व्यावहारिक कारणे सुचवली. माझ्या मते गुराख्याच्या आयुष्यात या दोन गोष्टी वेगळ्या करणेच चूक आहे. रोगराई टाळण्यासाठी गोठा जाळणे आणि कळपाचे भले व्हावे म्हणून जाळणे, हे एकाच काळजीचे दोन भाग असू शकतात.

म्हणून पुरातत्त्वाने कत्तलीच्या हिशेबाला गोठ्याच्या इतिहासाची जोड द्यायला हवी. शेणाच्या थरांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करता येते, दातांतल्या समस्थानिकांवरून चराईचा माग काढता येतो. मात्र त्यासाठी टेकड्या शिल्लक राहायला हव्यात, आणि अनेक ठिकाणी ही राख खत म्हणून उचलली गेली आहे. किल्ले आणि देवळे जपताना वारसा म्हणून आपण ज्याचा विचार करतो, त्यात शेणाच्या राखेलाही जागा मिळाली पाहिजे. दख्खनच्या आद्य पशुपालकांनी आपल्या जगण्याची सर्वांत सविस्तर नोंद तिथेच मागे ठेवली आहे.