डाव्या मागच्या चाकातला आवाज

बाबांची प्रीमियर पद्मिनी १९८४ची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे एकच सलग सीट. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये निरोप घेतला, आणि त्यानंतर या गाडीकडे लोक जरा जास्तच प्रेमाने बघायला लागले. गेल्या वर्षी आम्ही आमची विकायला काढली. ग्राहक मिळाला तो माझ्याच वयाचा, घरी वर्षाची मुलगी असलेला. रविवारी येऊन गाडी चालवून बघणार होता.

शुक्रवारी गाडी टक् टक् करायला लागली.

गल्लीत हळू चालवताना मागून आवाज यायचा. मुख्य रस्त्याला लागलं की बंद. परत पार्किंगमध्ये शिरताना सुरू. मी बाबांना म्हटलं, ‘‘जुनी गाडी आहे, करणारच आवाज.’’

‘‘त्याला सांगशील ना?’’ बाबांनी विचारलं.

‘‘काय सांगू? मलाच माहीत नाही काय आहे ते.’’

हे उत्तर मला बिनतोड वाटलं होतं. ऑफिसात आम्ही हेच करतो. एखादा बग कधी दिसतो, कधी नाही. दोनदा बघायचं, दिसला नाही की ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ लिहून तिकीट बंद. खोटं काहीच बोललेलो नसतो. रविवारीही तसंच करता आलं असतं. सोसायटीच्या बाहेर, मोठ्या रस्त्यावर किल्ली त्याच्या हातात द्यायची. आवाज त्याला ऐकूच आला नसता.

पण जे मला माहीतच नाही ते न सांगणं, ही फसवणूक होते का?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, ते प्रवासाला टिकेल का अशी शंका त्याला येते. तपासणीला खर्च येणार. मग तो स्वतःची समजूत घालतो की आजवर इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं, माणसं मरतात. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण तो विश्वास त्याने तपासून नाही, शंका दाबून मिळवला. पुढचा मुद्दा त्याहून बोचरा आहे: जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी तो तितकाच दोषी असता. फक्त पकडला गेला नसता.

‘माहीत नाही’चे दोन प्रकार असतात. एक, शोधूनही न सापडल्याचं. दुसरा, सापडेल या भीतीने न शोधल्याचं. बोलताना दोन्हींचे शब्द तेच असतात. फरक फक्त बोलणाऱ्याला ठाऊक असतो. माझं ‘माहीत नाही’ दुसऱ्या प्रकारचं होतं. मिस्त्रीने मोठं काम काढलं तर सौदा फिसकटेल, ही धाकधूक होती.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गाडीला लागलो. आधी उतारावर न्यूट्रल करून, इंजिन संथ ठेवून गाडी सोडली. आवाज येतच राहिला. म्हणजे इंजिन नाही, फिरणारं दुसरं काहीतरी. मग टायरवर खडूने रेघ मारली. बाबा गाडी अगदी हळू चालवत होते, मी शेजारून चालत मोजत होतो. चाकाच्या एका फेऱ्याला एक टक्. मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो, म्हणजे तोही नाही. डावं मागचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. टक्. स्क्रू ड्रायव्हरने व्हील कॅप उचकटली आणि सुपारीएवढा खडा खाली पडला.

महिनाभरापूर्वी रस्त्याकडेला पंक्चर काढताना कॅप मीच खडीवर ठेवली होती. कुठेतरी खाचेत अडकलेला खडा आता सुटला असणार. हळू फिरताना तो वर जाऊन खाली आपटायचा. ताशी दहाएक किलोमीटरच्या पुढे गेलं की चाकाच्या गतीने कडेला चिकटून बसायचा आणि गप्प व्हायचा.

बाबा हसले. मीही हसलो. पण मग वाटलं, खडा निघाला म्हणून शुक्रवारचा मी निर्दोष ठरतो का? तेव्हा मला खडा माहीत नव्हता. चाक सैल असतं, बेअरिंग गेलेलं असतं, तरी मी तेच वाक्य बोललो असतो. मला नशिबाने वाचवलं, आणि नशिबाचं श्रेय सचोटीला देता येत नाही.

यावर म्हणता येईल की असा हिशेब लावला तर कुठलीच जुनी वस्तू विकता येणार नाही. चाळीस वर्षांच्या गाडीत दहा आवाज असतात, प्रत्येकाच्या मागे कोण लागणार? खरंय. सगळं शोधून काढणं माझं कर्तव्य नाही. पण जे मी ऐकलंय आणि समोरच्याने ऐकलेलं नाही, ते त्याच्यापर्यंत पोचवणं आहे. कारण सापडलं नाही तर ‘आवाज येतो, कशाचा ते कळलं नाही’ एवढं तरी सांगता येतं. स्वतः गाडी चालवताना मी रेडिओ मोठा करून धोका पत्करू शकतो. दुसऱ्याच्या मुलीच्या वतीने तो पत्करायचा अधिकार मला नाही.

रविवारी त्याला खड्याची गोष्ट सांगितली, आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय गाडी चालू होत नाही हेही. त्याने ट्रायल आधी गल्लीत घेतली, खिडक्या खाली करून.

सोमवारी ऑफिसात मी बंद केलेली दोन तिकिटं पुन्हा उघडली.